अर्धी हजेरी

देवपुरात, टायरच्या दुकानावर,
तेवीस पायऱ्या चढलं की आमचा स्टुडिओ.
मे महिन्यात पत्रा तापून टिंगटिंग वाजतो,
म्हणून साउंडवाला प्रशांत वर जाऊन
ओली गोणपाटं अंथरून येतो.
माझं काम कॅमेऱ्याच्या मागे,
पाटावर बसून, वही मांडीवर,
नटाला ओळ पुरवायची.
श्वासाइतक्या आवाजात. माइकला कळू द्यायची नाही.

नऊ वर्षं झाली.
सासू-सुनेचे, तलाठ्याचे, दारुड्या जावयाचे
सहाशे-साडेसहाशे एपिसोड
आधी माझ्या तोंडून गेले,
मग धुळ्यात, पाचोऱ्यात, पार सुरतेतल्या खोल्यांत हसले.

आता नऊ दिवस वही कोरी.
लेखक खाली बसलेत, पाच जण,
टपरीला लागून, खोक्याचा पुठ्ठा टांगून:
एपिसोडला तीनशे परवडत नाही. नाव सुरुवातीला पाहिजे.
'परवडत'मधला व आधी राहिला होता,
नंतर काकपद देऊन वर घातलाय.
लेखकांचाच पुठ्ठा. मला हसू आलं, मग वाईट वाटलं.

खरं सांगू?
पहिल्या दिवशी मनात म्हटलं, बरं झालं.
दुसऱ्या दिवशी म्हटलं,
ह्यांचं नाव शेवटी का होईना पळत तरी जातं,
माझं पळतही नाही.
तिसऱ्या दिवशी गॅसवाला येऊन गेला.

निंबाबाई मेकअपवाली
सुपडूभाऊंसाठी रोज डब्यात शेवभाजी आणते,
आणि वर आली की त्यांनाच शिव्या घालते.

हिलालआप्पा, म्हणजे आमची सासू,
लुगडं नेसून, बांगड्या चढवून म्हणाले,
"कागद देखीसन कोन हासस? लोके माले देखीसन हासतस."
कॅमेरा फिरला.
आप्पांनी कमरेवर हात ठेवला, पदर खोचला,
"माय वं..." म्हणाले
आणि पुढे नुसता पंख्याचा आवाज.

भटूशेठनं मला जिन्यात गाठलं.
"नऊ वरीस ऐकी ऱ्हायनी तू. दोन पानं लिखी टाक.
कोनले सांगू नको."
दोन बोटांत पाचशेची नोट, घडी घातलेली.
घेतली नाही.
नाही, असंही म्हटलं नाही.

रात्री पोरं झोपल्यावर लिहिलं.
सून आली, सासू आली, कळण्याची भाकरी करपली,
आणि एक ओळ अशी उतरली
की अंधारात तोंडावर हात दाबून एकटीच हसले.
मग तपासलं, ही सुपडूभाऊंची तर नाही,
जुन्या कुठल्या एपिसोडमधली?
नव्हती.
माझी होती, नाहीतर माझ्या आत्याची.

सकाळी पानं पर्समध्ये.
सुपडूभाऊंनी टपरीवरून हाक मारली,
"काय वं, वर काय चालनं?"
मी म्हटलं, "लुगडं रोज नेसतं, सासू काही येत नाही."
खो-खो हसले.
हसता हसता हात सवयीनं खिशाकडे गेला, पेनाकडे.
मग आठवलं असेल.
तोच हात वळवून त्यांनी चहा उचलला.

तेवीस पायऱ्या.
लाइट लागलेले. आप्पांनी कपाळ टिपलं
आणि माझ्याकडे पाहिलं,
आठ दिवसांनी नळ यायचा असला
की रांगेतले हंडे बघतात तसं.
ओळ जिभेवर होती. गरम होती.

गप्प बसले.
तत्त्व वगैरे काही नव्हतं.
खाली पुठ्ठा, वर पत्रा, मधे माझा घसा.
भटूशेठ बघत होते. निंबाबाई बघत होती.
प्रशांतनं हेडफोन काढून कानाचा घाम पुसला.

दुपारी दोनला पॅकअप.
रजिस्टरात माझ्या नावापुढे अर्धी हजेरी.
पानं अजून पर्समध्येच आहेत,
रेशन कार्डाच्या झेरॉक्सला चिकटून.
ती ओळ मी कुणाला सांगितलेली नाही.
गॅसवाला उद्या येतो म्हणालाय.